पाटी

अकरा फॉन्ट पाठवलेस, ओजस्वी,
आणि सतरा गुलाबी,
तेही रात्री साडेदहाला.
चष्मा पुसून पाहिले, तरी
मला सगळे गुलाबी सारखेच दिसले.
हॅलिफॅक्सला केकचं दुकान, मार्चात उघडणार,
आणि विचारतेस कुणाला, तर मला!

माझ्याकडेही यादी होती तेव्हा, कागदभर:
कमळ, कात्री, शिलाई मशीन,
सोनेरी अक्षरं, लाल किनार,
दोन्ही फोन नंबर,
चेन बदलून मिळेल, ब्लाउज शिवून मिळतील,
आणि कोपऱ्यात जागा उरलीच तर
मोर.

डोरीन ऍकरॉइड, वय एकाहत्तर.
हडर्सफील्डात हाताने पाट्या लिहिणारं
तेव्हा दुसरं कुणी मला तरी सापडलं नाही.
तिने यादी वाचली, चहा संपवला,
आणि मला रस्त्यापलीकडे नेऊन उभी केली
भुरभुर पावसात, बसस्टॉपवर.
"आता बस येईल. आतल्या माणसाला
तुझं दुकान किती वेळ दिसतं, मोज."
मी मोजलं. एक, दोन, ती—
गेली बस.
"अडीच आकडे," डोरीन म्हणाली.
"त्यात मोर कुठे बसवतेस?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू.
इचलकरंजीला आमच्या सायझिंगची पाटी
पेंटरने फुटावर पैसे घेऊन रंगवली होती,
म्हणून बाबांनी फुटाफुटाला अक्षरं कोंबली.
कोरी जागा म्हणजे बुडालेले पैसे,
हे मी लहानपणीच शिकले होते.

डोरीनने माझ्या टेबलावरचा एक ब्लाउज उलटा केला.
"शिवणीच्या आत हे कापड का सोडतेस?
हेही बुडालेले पैसेच की."
म्हटलं, उद्या बाई जाड झाली तर उसवून देता येतं.
आमच्यात त्याला माया म्हणतात.
"आणि माया म्हणजे?"
मी सांगितलं. दुसरा अर्थही सांगितला.
ती बराच वेळ काही बोलली नाही,
मग खडूने फळीच्या चारी कडांना
चार चार बोटं सोडून
रेघ मारली.

रंगाचं म्हणशील तर
माझी रिळांची पेटीच तिने खिडकीत ओतली,
डिसेंबरात, दुपारी साडेतीनला,
आणि आम्ही दिवस मावळायची वाट पाहत बसलो.
लाल सगळ्यात आधी काळा झाला.
सोनेरी तर इथल्या काजळल्या दगडापुढे
दुपारीच मेला होता.
शेवटपर्यंत तग धरली ती सायीच्या रंगाच्या रिळाने,
ज्याने मी अस्तरं शिवते,
जे कुणाला दिसत नाही.

नावाचं राहिलं.
मी म्हटलं होतं, "मॅग्डाज" लिही,
मगदूम म्हणताना जीभ अडखळते यांची.
तिने खडू खाली ठेवला.
"ही मॅग्डा कोण? ती आली की मला बोलव,
तिच्याकडूनच पैसे घेईन."

तर मगदूम. इंग्रजीत सहा अक्षरं,
दोन्ही टोकांना एम, दारातल्या दोन खुर्च्यांसारखे.
खाली, बारीक: कपडे बेतून, दुरुस्त करून मिळतील.
बाटलीहिरव्यावर साय.
शेवटच्या एमचा एक पाय जरा तिरका आहे.
डोरीन म्हणाली, पुसून पुन्हा काढते.
मीच नको म्हटलं. मोठं मन वगैरे काही नाही,
शिडी धरून माझी बोटं गारठली होती.

पाटी लागल्यावर पहिला माणूस आला
तो पोस्ट ऑफिस विचारायला.
पुढचे नऊ दिवस कुणी नाही.
दहाव्या दिवशी बसचा ड्रायव्हर आला,
हातात पँट, कंबरेत सैल.
म्हणाला, "सिग्नलला थांबतो तेव्हा रोज वाचतो,
मिसेस मगदूम."
मगडम म्हणाला, खरं तर.
पण म्हणाला.

तर तू असं कर, ते सतरा गुलाबी बंद कर आणि झोप.
सकाळी जाऊन बघून ये
तुझ्या दुकानापुढून कुठली बस जाते,
आणि कितीपर्यंत मोजून होतं.
रविवारी ये मग माझ्याकडे.
येताना केक आण, साधा,
वर काही न लिहिलेला.